खिळा न ठोकता फ्रेम लावून द्या: भाड्याच्या घरांमधलं एक छोटं पण नेहमीचं काम



या आठवड्याच्या व्हिडिओत चिकट स्ट्रिपवर फ्रेम कशी लावायची ते करून दाखवलंय. पण कॅमेऱ्यासमोर वजनाचा हिशोब, भिंतींच्या जाती आणि दर काढायची पद्धत नीट सांगता येत नाही. म्हणून ते सगळं इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये आकडेमोड आहे.

आपल्यातले बरेच जण फ्रेमिंग करतात, कोणी वारली किंवा मंडला आर्ट विकतं, कोणी रेझिनची नावाची पाटी बनवतं, कोणी फोटो प्रिंट करून देतं. माल वेगवेगळा, पण गिऱ्हाईक अडतं एकाच जागी. फ्रेम हातात घेतं, किंमत विचारतं, पटतेसुद्धा. आणि मग म्हणतं, "आवडली हो, पण घर भाड्याचं आहे. मालक खिळा ठोकू देत नाही."

इथे आपण काय करतो? "बरं बरं, बघा विचार करून" म्हणतो आणि फ्रेम परत रॅकवर ठेवतो. म्हणजे जे गिऱ्हाईक मालाला हो म्हणालं होतं, ते भिंतीमुळे गेलं. आता सांगा, भिंत ही गिऱ्हाइकाची अडचण आहे की तुमची?

वाकड, हिंजवडी, खराडी, ठाणे, नवी मुंबई, कुठेही बघा. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, त्यावर डिपॉझिट, आणि घर सोडताना मालक भिंतीवरून हात फिरवत प्रत्येक भोक मोजतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, त्यामुळे भाडेकरूकडे कागद असायला हवा. खिळे, ड्रिल, रंग यांबद्दल काही अट असेल तर ती त्यातच सापडते. ती वाचायला सांगायची सवय लावून घ्या. "करारात भिंतीबद्दल काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या" एवढं एक वाक्य बोललात तरी समोरच्याला कळतं की हा माणूस नुसता माल गळ्यात मारत नाहीये.

स्वतःचं घर असलेलेही अडतात. नव्या टॉवरमध्ये विटांच्या भिंतीऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, ज्याला सगळे मायवान म्हणतात. त्यात साधा खिळा वाकतो, हॅमर ड्रिल लागतं. शिवाय वायरिंग भिंतीच्या आतून. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारणं म्हणजे जीवाशी खेळ. दोन फ्रेमसाठी ड्रिलवाला शोधा, त्याची वेळ मिळवा, मग धूळ पुसा. कंटाळून लोक फ्रेम सोफ्यामागे उभी करून ठेवतात.

चिकटवायच्या वस्तू तीन, आणि त्यातली एकच आपल्या कामाची

बाजारात "बिनखिळ्याचं" म्हणून काहीही विकलं जातं. फरक समजून घ्या.

पहिली म्हणजे फोमची दुहेरी टेप. स्वस्त, कुठेही मिळते, पकडही चांगली. पण ती काढायसाठी बनवलेलीच नाही. ओढली की फोम फाटतो, अर्धा भिंतीवर राहतो, नाहीतर रंगासकट पुट्टीचा पापुद्रा घेऊन येतो. माझ्या दुकानात आलेल्या एका ताईंनी अशा टेपने सहा फ्रेम लावल्या होत्या. घर सोडताना सहाही जागी तळहाताएवढे पोपडे निघाले आणि अख्ख्या हॉलच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून गेले. सहा भोकं पाडली असती तर थोड्या पुट्टीत भागलं असतं! म्हणजे चुकीचं चिकटवणं खिळ्यापेक्षा महाग पडतं, हे गिऱ्हाइकाला सांगायला घाबरू नका.

दुसरी म्हणजे पारदर्शक जेलसारखी टेप आणि पारदर्शक चकतीवरचे हुक. टाइलवर, काचेवर, लॅमिनेटवर ठीक. रंगवलेल्या भिंतीवर मी फ्रेमसाठी वापरत नाही. हुकाचा प्रॉब्लेम असा की वजन भिंतीला लागून न राहता पुढे आलेल्या टोकावर लोंबतं, आणि चकतीची वरची कड हळूहळू सुटत जाते.

तिसरी म्हणजे ताणून काढायची स्ट्रिप. थ्रीएम कंपनीने १९९६ मध्ये कमांड या नावाने ही बाजारात आणली, आणि आता इतरही कंपन्या तशी बनवतात. हिची गंमत काढण्यात आहे. खाली एक शेपूट असतं. ते भिंतीला समांतर खाली ओढलं की पट्टी रबरासारखी लांबते, पातळ होते आणि लांबता लांबता भिंत सोडते. रंगाला बाहेरच्या दिशेने ओढ बसतच नाही, म्हणून पोपडा निघत नाही.

फ्रेमसाठीची स्ट्रिप जोडीने येते. एक पट्टी फ्रेमला, एक भिंतीला. दोन्हींच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या बारीक छत्र्या असतात, त्या एकमेकींत अडकतात आणि कट्कट् आवाज येतो. तो आवाज नीट ऐकायचा. आला नाही तर ती जोडी लागलेली नाही.

वजन: अंदाज नको, काटा घ्या

कमांडच्या फ्रेम स्ट्रिपचे पॅकवरचे आकडे साधारण असे: मध्यम आकाराच्या चार जोड्यांना ५.४ किलोपर्यंत, मोठ्या चार जोड्यांना ७.२ किलोपर्यंत. दुसरी कंपनी घेतली तर तिचा पॅक वाचा, हे आकडे तिला लावू नका.

हे आकडे गुळगुळीत, स्वच्छ, कोरड्या भिंतीचे असतात. आपल्या भिंती तशा क्वचितच. म्हणून मी सरळ अर्धा आकडा धरतो. मध्यम चार जोड्यांवर २.७ किलोपेक्षा जास्त मी लावत नाही, मोठ्या चारवर ३.६ किलोपेक्षा जास्त नाही. हा नियम कंपनीचा नाही, माझ्या दुकानाचा आहे. तुम्हाला कडक वाटेल. पण रात्री दोन वाजता हॉलमध्ये काच फुटल्याचा फोन तुम्हालाच येणार आहे, कंपनीला नाही.

आता फ्रेमचं वजन येतं कुठून? बहुतेक काचेतून. पाठ करून ठेवा: काच एक मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे २.५ किलो भरते. अ‍ॅक्रिलिक त्याच मापाला साधारण १.२ किलो, म्हणजे निम्म्याहून कमी.

१२ बाय १८ इंच ही आपल्याकडे सर्रास जाणारी साइज. क्षेत्रफळ साधारण ०.१४ चौरस मीटर. दोन मिमी काच लावली तर सुमारे ७०० ग्रॅम. मागे तीन मिमी एमडीएफ, ते धरा ३०० ग्रॅम. वर मोल्डिंग, ते लाकडी की सिंथेटिक यावर अवलंबून, समजा ४०० ग्रॅम. एकूण १.४ किलो. मध्यम चार जोड्या, आरामात.

आता तेच २४ बाय ३६ ला करून बघा. क्षेत्रफळ ०.५६ चौरस मीटर. चार मिमी काच घातलीत तर नुसती काच साडेपाच किलो! एमडीएफ सव्वा किलो. मोल्डिंग धरलं की सात किलोच्या वर. ही फ्रेम स्ट्रिपवर लावायचीच नाही. पण त्याच मापात तीन मिमी अ‍ॅक्रिलिक वापरलं तर काचेच्या जागी दोनच किलो येतात. सव्वा किलो एमडीएफ मिळवलं तर सव्वातीन झाले, आणि हलकं मोल्डिंग निवडलं तरी आपली ३.६ ची मर्यादा जेमतेम. इथे मी गिऱ्हाइकाला काचच नसलेला पर्याय सुचवतो, ताणलेला कॅनव्हास. लाकडी चौकट आणि कापड, वजन फारच कमी.

बघा, इथे धंद्याची खरी गोष्ट आली. स्ट्रिप विकणं हा धंदा नाही, ती कोणीही ऑनलाइन मागवतो. तुम्ही विकताय ती *स्ट्रिपसाठी बनवलेली फ्रेम*. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक, हलकं मोल्डिंग, आणि मागची बाजू सपाट.

मागच्या बाजूबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण फ्रेम पडायचं मोठं कारण तिथेच लपलेलं असतं आणि सगळे भिंतीला दोष देतात. स्ट्रिप मोल्डिंगच्या पाठीवर लागली पाहिजे, मागच्या पातळ बोर्डावर किंवा ब्राउन पेपरवर नाही. कागदावर लावलीत तर स्ट्रिप जागेवर राहील आणि फ्रेम कागद फाडून खाली येईल. मोल्डिंगची पाठ स्ट्रिपच्या रुंदीपेक्षा अरुंद असेल तर ते मोल्डिंग या कामाला बाद. बोर्ड मोल्डिंगच्या बाहेर फुगलेला असेल, टेबलावर उभं करायचं पाय असेल, कडी असेल, तर स्ट्रिप भिंतीला टेकणारच नाही. सगळं आधी काढा. आणि कच्चं लाकूड किंवा कच्चं एमडीएफ असेल तर चिकट पदार्थ भुशावर चिकटतो, लाकडावर नाही. सीलरचा किंवा वॉर्निशचा एक हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग स्ट्रिप. हे काम दुकानात करायचं, गिऱ्हाइकाच्या घरी नाही.

भिंत ओळखता आली पाहिजे

भिंतीवर तळहात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली? मग चुना आहे किंवा साधं ड्राय डिस्टेंपर आहे. इथे काम घ्यायचं नाही. स्ट्रिप भुकटीला चिकटेल आणि भुकटी भिंतीला चिकटलेली नाही. जुन्या चाळी, वाडे, गावाकडची घरं यांत हे हमखास सापडतं.

हात कोरडा राहिला तर दुसरी परीक्षा. साध्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा कोपऱ्यात लावा, नखाने घासा, झटक्यात ओढा. रंगाचा कण आला तर नको. प्लॅस्टिक इमल्शन चांगल्या पुट्टीवर असेल तर काही येत नाही. ऑइल पेंट, टाइल, लॅमिनेट, काच, पत्र्याचं कपाट या सगळ्यावर पकड उत्तम. टेक्श्चर पेंट, वॉलपेपर, उघडी वीट, दगड, सिमेंटचा खरबरीत गिलावा, यांवर नाही.

मग ओल. पावसाळ्यात बाहेरच्या बाजूची भिंत, बाथरूमच्या पलीकडची भिंत आणि खिडकीखालचा भाग हाताला गार लागतो. रंग थोडा फुगलेला दिसला की समजायचं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मी आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीच सुचवीन. विदर्भात उलटं. मे महिन्यात वरच्या मजल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात ठेववत नाही, आणि या स्ट्रिपची मर्यादा साधारण ४० अंश आहे. नागपूर, चंद्रपूरच्या मित्रांनी हे विशेष ध्यानात ठेवा.

आणि दिवाळी! आपला सगळ्यात मोठा सीझन, आणि नेमका इथेच घोळ होतो. लोक दिवाळीआधी रंग काढतात आणि रंगारी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी "या, फ्रेम लावून द्या" म्हणतात. नव्या रंगाला किमान सात दिवस द्यायचे असतात. रंग वरून वाळलेला दिसतो, आतून कच्चा असतो. म्हणून बुकिंग घेताना पहिला प्रश्न, "रंग कधी दिलाय?" आणि उत्तर वहीत तारखेसह लिहायचं.

प्रत्यक्ष लावताना

घरी पोहोचल्यावर आधी भिंतीचा फोटो काढा. जुनी भोकं, भेगा, डाग, सगळं दिसेल असा. तो लगेच गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. उद्या "हा डाग तुमच्यामुळे पडला" ही वेळ येत नाही.

जागा ठरवायला वर्तमानपत्र. फ्रेमच्या मापाचे कागद कापा, मास्किंग टेपने भिंतीवर हलकेच लावा, घरातल्यांना लांब जाऊन बघू द्या. बायको म्हणेल डावीकडे, सासूबाई म्हणतील वर. हा वाद कागदावर मिटू दे, स्ट्रिप लागल्यावर नको. उंचीचा एक सोपा हिशोब: उभ्याने बघायची भिंत असेल तर फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर. सोफ्याच्या वर असेल तर सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच मोकळे. आपल्याकडे फ्रेम फार वर, पार पंख्याच्या रांगेत लावायची सवय आहे, ती मोडायला हरकत नाही.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. काच पुसायचा स्प्रेही नको, ओला फडकाही नको, कारण मागे थर राहतो किंवा ओल राहते. स्वच्छ कापडावर थोडं घेऊन पुसा, दोन-तीन मिनिटं वाळू द्या. आधी आडोशाच्या जागी पुसून बघा, काही रंग उतरतात. आणि हे ज्वलनशील असतं. देवघराशेजारी काम असेल तर समई, निरांजन शांत आहे ना ते बघून मगच बाटली उघडा.

मग जोड्या कट्कट् करून जुळवा, फ्रेमच्या पाठीला लावा. जास्त जोड्या वरच्या भागात, कारण फ्रेम सुटते ती नेहमी वरून. वजन खाली ओढतं तेव्हा स्ट्रिप भिंतीला समांतर जोर घेते आणि तो ती सहज पेलते. पण फ्रेम जाड असेल तर वरची कड पुढे झुकायला बघते, स्ट्रिपला सोलल्यासारखी ओढ बसते. चिकट वस्तू घसरवायला कठीण पण सोलायला सोपी, आपण स्टिकर कसा काढतो आठवा. म्हणून पातळ फ्रेम चांगली, आणि वरचे दोन कोपरे महत्त्वाचे.

आता फ्रेम लेव्हल पट्टी लावून भिंतीवर टेकवा आणि तीस सेकंद दाबा. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: फ्रेम परत काढायची. खालचे दोन कोपरे धरून वरच्या दिशेने, एकेक बाजू सोडवत. भिंतीवरची पट्टी भिंतीवर राहते. तिच्यातली प्रत्येक पट्टी अंगठ्याने तीस-तीस सेकंद जोर देऊन दाबायची, फ्रेमवरचीही तशीच. आणि मग एक तास थांबायचं. चिकट पदार्थ भिंतीच्या बारीक खाचखळग्यांत उतरायला वेळ घेतो. तासाने फ्रेम परत बसवायची, कट्कट् ऐकायचं, झालं. थोडी तिरकी वाटली तर काढून पुन्हा बसवता येते. भिंतीवरची पट्टी मात्र उचलून दुसरीकडे लावता येत नाही, ती एकदाच.

ज्या फ्रेमला नाही म्हणायचं

पलंगाच्या उशाकडची भिंत, पाळण्याच्या वरची जागा, बाथरूम, गॅसच्या शेगडीजवळ, भर उन्हाची गॅलरी. इथे वजन कितीही कमी असो, नाही म्हणजे नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो अवघड आहे. दुकानात एक दादा आले होते. वडील जाऊन तेरा दिवस नुकतेच झालेले. वडिलांचा एकच चांगला फोटो सापडला होता, तोही कोणाच्या तरी लग्नातला, जुना प्रिंट, फाइल कुठेच नाही. त्यांना जाड लाकडी फ्रेम हवी होती, काच हवी होती, वर चंदनाचा हार येणार होता. घर भाड्याचं. "तुम्ही स्ट्रिपवर लावून देता असं ऐकलं," म्हणाले.

वजन बसत होतं. १० बाय १२ ची फ्रेम, दीड किलोसुद्धा नाही. पैसेही ते विचारत नव्हते. तरी मी नाही म्हणालो. जी वस्तू परत मिळणार नाही ती चिकट पट्टीवर टांगायची नाही, हे या स्ट्रिप बनवणारेही सांगतात. शिवाय हार म्हणजे रोज कोणीतरी फ्रेमला हात लावणार, हार घालणार, पुसणार, कधी थोडं खाली ओढणार. ते वजनात धरलेलं नसतं. मी त्यांना दोन गोष्टी सुचवल्या. मूळ प्रिंट आधी स्कॅन करून घ्या, तो अल्बममध्ये ठेवा, फ्रेममध्ये कॉपी लावू. आणि घरमालकाला फोन करून याच एका फोटोसाठी एका खिळ्याची परवानगी मागा. त्यांनी दुकानातूनच फोन लावला. पलीकडून मालक म्हणाले, "अहो विचारता काय, ठोका." मग मी जाऊन गिट्टी घालून स्क्रूवर फोटो लावून आलो.

अशी गिऱ्हाइकं तुम्हाला येतील. मालकाने नकारच दिला तर भिंतीला टेकून उभा राहील असा फोटो, टेबलावर किंवा कपाटावर. पण स्ट्रिप नाही. त्या फ्रेमची काच फुटली तर तुम्ही भरपाई कशाची देणार?

दर कसा काढायचा

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे, तुमच्या खरेदीचे आकडे घालून पुन्हा मांडा.

समजा एक जोडी तुम्हाला ४० रुपयांना पडते. एका फ्रेमला चार जोड्या, १६०. पुसायचं सामान १०. माल झाला १७०. जाण्यायेण्याचं पेट्रोल ६०. वेळ: प्रवास ४० मिनिटं, काम २० मिनिटं, थांबणं एक तास, म्हणजे दोन तास. तुमच्या तासाची किंमत १५० धरली तर ३००. एका फ्रेमचा खर्च ५३० रुपये. आणि गिऱ्हाईक मनात तुलना करतं ती ड्रिलवाल्याच्या एका भोकाशी. हा दर कोणी देणार नाही, आणि याहून कमी घेतलात तर तुम्ही घरातून पैसे घालताय.

आता त्याच घरात पाच फ्रेम. माल ८५०. पेट्रोल तेच ६०. वेळ? पाचही भिंतीला पट्ट्या लावत जायचं, पहिलीचा तास संपेपर्यंत तुम्ही शेवटच्या फ्रेमवर असता. प्रवास धरून सगळं तीन तासांत होतं, म्हणजे ४५०. एकूण १,३६०, फ्रेममागे २७२. खर्च निम्म्यावर आला, कारण थांबायचा एक तास पाच जणांत वाटला गेला.

म्हणून घरी जाऊन लावायची सेवा किमान चार फ्रेमवरच घ्या. एक-दोन फ्रेमवाल्याला घरी जाऊ नका, त्याला किट द्या. फ्रेमच्या पाठीला जोड्या दुकानातच लावून, पुसायचा अल्कोहोलचा पॅड, कागदी साचा आणि मराठीत छापलेलं एक कार्ड: पुसा, दाबा, काढा, दाबा, तासभर थांबा. त्याचा तास तो स्वतः थांबेल.

घरांपेक्षा चांगलं गिऱ्हाईक म्हणजे भाड्याच्या गाळ्यातले क्लिनिक, सलून, क्लासेस, छोटी ऑफिसं. तिथे दहा-बारा फ्रेम एकदम लागतात, भिंती नव्या इमल्शनच्या असतात, आणि एसीमुळे उन्हाळ्याचा त्रास कमी. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटच्या फ्रेम हलक्या असतात. पण मूळ सर्टिफिकेट असेल तर वर सांगितलं तेच, कलर कॉपी लावा.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. निव्वळ सेवा किंवा सेवा आणि माल दोन्ही देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असताना महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. बिल मात्र पहिल्या दिवसापासून फाडा आणि त्यावर तीन ओळी छापा: फ्रेमचं वजन, किती जोड्या, भिंतीचा रंग कधीचा. हमी द्यायची तर एवढीच द्या की तीस दिवसांत फ्रेम सुटली तर येऊन पुन्हा लावून देऊ. अ‍ॅक्रिलिक वापरलं असेल तर फुटायची भीतीही कमी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक फोन करा, "सगळ्या फ्रेम जागेवर आहेत ना?" एवढाच. त्या फोनवरच मला कितीतरी वेळा शेजारच्या फ्लॅटचं काम मिळालंय.

काढायचं कामही तुमचंच

घर सोडताना लोक घाईत असतात. फ्रेम ओढतात, पट्टी स्वतःकडे खेचतात, आणि मग पोपडा निघतो. कार्डाच्या मागे काढायची पद्धतही छापा. फ्रेम खालून सोडवायची. मग पट्टीचं शेपूट धरून सरळ खाली, भिंतीला घासत, अगदी सावकाश ओढायचं. एका हाताने पट्टी फार दाबून धरायची नाही. ती फूट-सव्वा फूट लांबते, तोवर ओढत राहायचं, घाई केली की तुटते. शेपूट तुटलंच तर हेअर ड्रायरने थोडं गरम करून मागून दात साफ करायचा धागा करवतीसारखा फिरवायचा.

करार अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे तुमच्या वहीतली प्रत्येक तारीख अकरा महिन्यांनी पुन्हा कामाची आहे. दहाव्या महिन्यात मेसेज टाका: "घर बदलताय का? जुन्या फ्रेम काढून नव्या घरी लावून देऊ." स्ट्रिप नव्या लागतील, फ्रेम त्याच, गिऱ्हाईक तेच, जाहिरातीचा खर्च शून्य.

या आठवड्याचं काम: घरातल्या पाच फ्रेम उतरवा, वजनकाट्यावर ठेवा, काच मोजा, पाठ बघा. कोणती स्ट्रिपवर चालेल आणि कोणती नाही ते कारणासह लिहा. मग आपल्याच घराच्या चार भिंतींवर हात घासायची आणि चिकटपट्टीची, अशा दोन्ही परीक्षा करा. वहीच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या व्हिडिओत कागदी साच्यावर सात फ्रेमची गॅलरी भिंत मांडायची आहे, तेव्हा ही वजनं हाताशी लागतील.